दोन इमारतींमधील वायरलेस लिंक: परवाना, कागदपत्रे आणि फ्रिक्वेन्सीची मांडणी

इंदूरच्या रामबागेत कार्यालय आणि टिळकनगरात शाळा असलेली एखादी संस्था दोन्ही छतांवर अँटेना बसवून आपले संगणक जोडू पाहते, तेव्हा परवाना लागेल की नाही हे निवडलेल्या फ्रिक्वेन्सी पट्ट्यावर ठरते. म्हणून पट्टा आधी ठरवावा आणि उपकरण नंतर विकत घ्यावे.

बहुतेक संस्थांची गरज ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भागते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ, असा एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा वर्णपट परवानामुक्त केला. या सवलतीला मर्यादाही आहे: शेजारच्या लिंकमुळे आपल्या लिंकमध्ये व्यत्यय आला, तर संरक्षण मागता येत नाही. शिवाय उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस नियोजन व समन्वय) शाखेची ईटीए, म्हणजे उपकरण प्रकार मान्यता, असावी लागते. ही मान्यता मॉडेलनिहाय मिळत असल्यामुळे विक्रेत्याकडून प्रमाणपत्राची प्रत घेऊन मॉडेल क्रमांक आणि फ्रिक्वेन्सी पट्टा स्वतः पडताळावा. माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते इथेच. ही जोडणी संस्थेच्या स्वतःच्या कामापुरती असावी, कारण पैसे घेऊन इतरांना इंटरनेट पुरवायचे असेल तर सेवेची वेगळी परवानगी लागते.

परवान्याच्या पट्ट्यातील मायक्रोवेव्ह लिंकसाठी दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर अर्ज करावा लागतो. त्यासाठी संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, सही करणाऱ्याचे अधिकारपत्र, दोन्ही जागांचे अक्षांश-रेखांश, अँटेनाची उंची, दिशा व गेन (एका दिशेने शक्ती एकवटण्याची क्षमता), प्रक्षेपण शक्ती आणि चॅनेलची रुंदी ही माहिती तयार ठेवावी. जागेच्या मंजुरीचा विचार साकफा ही फ्रिक्वेन्सी वाटपाबाबत सल्ला देणारी समिती करते. मंजूर झालेली फ्रिक्वेन्सी नंतर आपल्या मर्जीने बदलता येत नाही. विमानतळ शहराच्या पश्चिमेला बिजासनजवळ असल्यामुळे त्या बाजूला उंच मास्ट उभारण्यापूर्वी भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे उंचीचे नियम पाहावेत.

परवानामुक्त लिंकमध्येही मांडणी नियमानुसारच करावी लागते. उपकरणात देश म्हणून भारतच निवडावा. अधिक चॅनेल दिसावेत म्हणून दुसरा देश निवडणे हे उल्लंघन आहे. ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झमध्ये रेडिओची शक्ती आणि अँटेनाचा गेन मिळून होणारी परिणामी शक्ती ४ वॅट, म्हणजे ३६ डीबीएम (शक्ती मोजण्याचे एकक), एवढ्यात राहिली पाहिजे. २३ डीबीआय (गेनचे एकक) गेनची अँटेना असेल आणि केबलमधील तूट नगण्य असेल, तर रेडिओची शक्ती १३ डीबीएमवर आणावी आणि अँटेनाचा गेन उपकरणात खरा तोच भरावा. ५२५० ते ५७२५ मेगाहर्ट्झच्या भागात रडारही चालतात, त्यामुळे तिथे रडारचा शोध घेणारी डीएफएस सुविधा बंद करू नये.

चॅनेल निवडण्यापूर्वी दोन्ही टोकांवर स्पेक्ट्रम स्कॅन करावे, कारण एका छतावर शांत असलेला चॅनेल दुसऱ्या छतावर गजबजलेला असू शकतो. दाट वस्तीत ८० मेगाहर्ट्झपेक्षा २० किंवा ४० मेगाहर्ट्झची रुंदी अधिक स्थिर राहते. तीन किलोमीटरच्या लिंकमध्ये मध्यावर पहिल्या फ्रेनेल क्षेत्राची, म्हणजे दोन अँटेनांमधील सरळ रेषेभोवतीच्या लंबगोल जागेची, त्रिज्या सुमारे सहा मीटर असते आणि तिचा किमान ६० टक्के भाग मोकळा हवा. तेव्हा पावसाळ्यात झाडांना किती पालवी फुटते तेही पाहावे. शेवटी दोन्ही टोकांचा चॅनेल, रुंदी, शक्ती आणि गेन लिहून ती नोंद ईटीएच्या प्रतीसोबत संस्थेच्या दप्तरी ठेवावी, आणि मांडणी बदलेल तेव्हा तारखेसह दुरुस्त करावी.