सुपरबारिओ : भाडेकरूंचा मुखवटाधारी

१९८७ च्या जून महिन्यात मेक्सिको सिटीतल्या भाडेकरूंच्या मोर्चांत एक माणूस दिसू लागला. अंगाने चांगला भरलेला, लाल-पिवळा घट्ट पोशाख, चेहऱ्यावर पैलवानाचा मुखवटा, छातीवर ‘एसबी’ ही अक्षरं. नाव सुपरबारिओ गोमेझ. कुणाचं सामान रस्त्यावर काढायला माणसं आली की हा दारात उभा राही. अंगात कसलीही अद्भुत शक्ती नव्हती. पण तो आला की आसपासच्या गल्ल्यांतले लोकही गोळा होत, आणि मग घर रिकामं करून घेणं अवघड होऊन बसे.

तो कुठून आला हे समजायला दोन वर्षं मागे जावं लागतं. १९ सप्टेंबर १९८५ रोजी सकाळी ७ वाजून १९ मिनिटांनी शहर हादरलं. भूकंपाचं केंद्र शेकडो किलोमीटर दूर, पॅसिफिकच्या किनाऱ्याजवळ होतं, पण मध्यवर्ती शहर जुन्या तलावाच्या मऊ गाळावर वसलेलं, त्यामुळे तिथे हादरे कित्येक पटींनी वाढले. हजारो माणसं गेली. सरकारी यंत्रणा गोंधळलेली असताना ढिगारे उपसले ते शेजाऱ्यांनी, विद्यार्थ्यांनी, कामगारांनी. याच लोकांनी नंतर संघटना बांधल्या आणि सरकारवर दबाव आणला. सरकारला जुन्या वस्त्यांतल्या जागा ताब्यात घेऊन ४० हजारांहून जास्त घरं बांधावी लागली. मला हा या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो, कारण आपण एकत्र आलो तर घर मिळू शकतं, हे लोकांनी स्वतः अनुभवलं.

तरीही असंख्य भाडेकरू बाहेरच राहिले. मधल्या चौकाभोवती खोल्या, सामाईक नळ आणि संडास अशा तिथल्या जुन्या वाड्यांची ओळख मुंबईच्या चाळकऱ्याला वेगळी करून द्यायला नको. १९४० च्या दशकात अशा बऱ्याच खोल्यांची भाडी गोठवली गेली होती. मालक दुरुस्ती करेनात, आणि संधी मिळताच भाडेकरूला काढू पाहत. १९८७ च्या एप्रिलमध्ये अशा लोकांनी ‘आसाम्ब्लेआ दे बारिओस’ ही वस्त्यांची संघटना उभी केली. सुपरबारिओ तिच्यातूनच पुढे आला.

मुखवटाच का? मेक्सिकोत ‘लुचा लिब्रे’ ही मुक्त कुस्ती १९३३ पासून व्यावसायिक स्वरूपात रुजली. तिथे मुखवटा ही पैलवानाची इज्जत असते. पैजेच्या कुस्तीत हरला की तो भर आखाड्यात उतरवावा लागतो. चंदेरी मुखवट्याचा एल सांतो १९४२ पासून आखाडे गाजवत होता, पुढे चित्रपटांतून घराघरांत पोहोचला. १९८४ मध्ये तो वारला तेव्हा त्याला मुखवट्यासकट पुरलं. गरीब वस्तीतल्या लहान मुलालाही मुखवटाधारी कुणाच्या बाजूचा, हे न सांगता कळत असे.

सुपरबारिओ आपली कथा अशी सांगे : तो साधा फेरीवाला होता. एके दिवशी खोलीत लाल-पिवळा झोत शिरला, आणि उजेड ओसरल्यावर पाहतो तर अंगावर हा वेश. तू भाडेकरूंचा रक्षक आहेस, असा आवाजही आला. मुखवट्याआड एकच माणूस नव्हे, आलटूनपालटून अनेक जण असतात, असंही बोललं जाई. संघटनेने कोडं उलगडायची घाई केली नाही, आणि ते शहाणपणाचं होतं. एका पुढाऱ्याला फोडता येतं, तुरुंगात टाकता येतं. मुखवटा दुसऱ्या दिवशी पुन्हा मोर्चात हजर होऊ शकतो.

त्याने आखाड्यातही कुस्त्या केल्या, समोर लोभी घरमालकाचं सोंग घेतलेला पैलवान असे. घरांच्या मागण्या घेऊन तो मुखवट्यासह अधिकाऱ्यांसमोर बसे. १९८८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तो प्रतीकात्मक उमेदवार झाला आणि मग विरोधी आघाडीचे उमेदवार क्वाउतेमोक कार्देनास यांच्या पाठीशी उभा राहिला. कार्देनास ती निवडणूक हरले, मतमोजणीवर घोटाळ्याचे गंभीर आरोप झाले. १९९७ मध्ये मात्र तेच मेक्सिको सिटीचे पहिले लोकनियुक्त प्रमुख झाले. त्याच्या आदल्या वर्षी सुपरबारिओने सरहद्द ओलांडून अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठीही प्रतीकात्मक प्रचार केला होता, तिथल्या स्थलांतरित मजुरांच्या हक्कांसाठी.