आरसी मॉन्स्टर ट्रकचं ब्रशलेस कन्व्हर्जन

रिमोटवर चालणाऱ्या मोठ्या चाकांच्या ट्रकमधलं नायट्रो इंजिन (नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर चालणारं छोटं इंजिन) किंवा जुनी ब्रशवाली मोटर काढायची आणि तिथे ब्रशलेस मोटर, तिचा स्पीड कंट्रोलर म्हणजे ईएससी आणि लिपो म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटऱ्या बसवायच्या, याला ब्रशलेस कन्व्हर्जन म्हणतात. ऐकायला नुसती मोटर बदलायची असं वाटतं पण तसं नाहीये, कारण ट्रकचे गिअर, डिफ म्हणजे डिफरेन्शियल, शाफ्ट हे सगळं आधीच्या इंजिनाच्या हिशोबाने केलेलं असतं आणि ब्रशलेस मोटर ताकद वेगळ्याच तऱ्हेने देते, त्यामुळे निम्मं काम मोटर बसल्यानंतरच सुरू होतं.

तसे इलेक्ट्रिक मॉन्स्टर ट्रक जुनेच, टामियाचा क्लॉड बस्टर १९८७ चा, त्यात पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलवर एकेक ब्रश मोटर होती. मग १९९९ मध्ये ट्रॅक्सासचा टी-मॅक्स आला, २००२ मध्ये एचपीआयचा सॅव्हेज, आणि बरीच वर्षं मॉन्स्टर ट्रक म्हटलं की नायट्रो असंच समीकरण झालं. ट्रॅक्सासचा ई-मॅक्स इलेक्ट्रिक होता, दोन ५५० साइजच्या ब्रश मोटर आणि ७.२ व्होल्टचे दोन पॅक, पण वजनाच्या मानाने दम कमी पडायचा म्हणून कन्व्हर्जनवाल्यांनी सुरुवातीला त्यालाच हात घातला. पुढे कंपन्यांनी स्वतःच सॅव्हेज फ्लक्स आणि ब्रशलेस ई-रेव्हो असे तयार ट्रक काढले. तरी इंजिन थकलेला पण चासिस धडधाकट असलेला नायट्रो ट्रक घरात पडून असेल तर त्याला पुन्हा पळता करायचा हा सगळ्यात चांगला मार्ग आहे.

ब्रशलेस मोटरमध्ये चुंबक फिरतं आणि तारांची गुंडाळी जागेवर असते. ब्रश आणि कम्युटेटर नाहीच, म्हणजे घासून झिजणारं काही उरत नाही, फक्त बेअरिंग. कुठल्या गुंडाळीत कधी करंट सोडायचा हे ईएससी ठरवतो आणि मोटरला तीन वायर जातात. सेन्सर नसलेली मोटर उलटी फिरली तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरची अदलाबदल केली की झालं. सेन्सर नसलेल्या मोटरमध्ये चुंबक कुठे आहे हे ईएससी फिरण्यातून तयार होणाऱ्या उलट व्होल्टेजवरून ओळखतो, पण उभ्या मोटरमध्ये ते व्होल्टेज नसतंच, म्हणून अशा मोटरी निघताना कधीकधी अडखळतात, त्याला कॉगिंग म्हणतात. अवजड ट्रकमध्ये पिनियन, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरचा गिअर, मोठा घातला की हे जास्त जाणवतं.

मोटर निवडताना सगळे केव्ही बघतात. केव्ही म्हणजे एका व्होल्टला मोकळी मोटर मिनिटाला किती फेरे घेईल तो आकडा, आणि जास्त केव्ही म्हणजे जास्त ताकद हा गैरसमज फार पसरलेला आहे. २२०० केव्हीची मोटर ६एस लिपोवर म्हणजे सिरीजमधल्या सहा सेलवर, २२.२ व्होल्टवर ४८,८४० फेरे घेते, ३३०० केव्हीची मोटर ४एसवर म्हणजे १४.८ व्होल्टवर, तीही बरोबर ४८,८४०. वेग तोच, पण तेवढीच पॉवर द्यायला ४एसला दीडपट करंट लागतो आणि वायरीत होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते म्हणजे त्याच वायरीत सव्वादोन पट. म्हणून अवजड ट्रकला व्होल्टेज जास्त आणि केव्ही कमी हेच बरं, यावर तडजोड करू नये. मोटरचा साइजही तसाच महत्त्वाचा, १:८ म्हणजे खऱ्याच्या एक अष्टमांश मापाच्या ट्रकला ४२ मिलिमीटर व्यासाची आणि ७० च्या आसपास लांबीची मोटर लागते, ३६ ची छोटी मोटर पळेल पण तापून मरेल.

नायट्रो ट्रकमधून इंजिन, टाकी, सायलेन्सर, क्लच, थ्रॉटलचा सर्व्हो आणि ब्रेकची डिस्क एवढं निघतं. रिव्हर्स आणि ब्रेक दोन्ही ईएससीच करतो, म्हणून रिव्हर्सवाला आणि दोन स्पीडचा गिअरबॉक्स एका स्पीडवर पक्का करून टाकतात. स्लिपर क्लच मात्र अजिबात काढायचा नाही, एकदम येणारा हिसका तोच झेलतो. मोटर माउंट प्रत्येक चासिसला वेगळा, सॅव्हेजमध्ये दोन उभ्या प्लेटच्या मध्ये मोटर बसते आणि बॅटऱ्या बाहेर दोन्ही बाजूंना लावता येतात, टी-मॅक्सच्या सपाट चासिसवर जागेची कसरत होते. दोन ३एस पॅक दोन बाजूंना ठेवून सिरीजमध्ये जोडले की ६एसही होतं आणि वजनही समतोल राहतं, फक्त दोन्ही पॅक एकाच क्षमतेचे आणि एकाच वयाचे हवेत. रिसीव्हरला करंट आता ईएससीमधून येतो त्यामुळे त्याचा जुना बॅटरी पॅक काढून टाका, दोन्ही एकदम जोडलेले ठेवू नका.

आता दाते. नायट्रो इंजिन खालच्या आरपीएमला कमजोर असतं, आधी आवाज चढतो, क्लच घसरत घसरत पकडतो आणि मग ताकद चाकांपर्यंत पोचते, म्हणजे सगळे गिअर हळूहळू ताणले जातात. ब्रशलेस मोटर उभी असतानाच पूर्ण टॉर्क देते. म्हणून पहिल्यांदा पिनियनला जुळणारा मोठा प्लास्टिकचा स्पर गिअर जातो, तो स्टीलचा केला की डिफचे दाते, ते सांभाळले की अ‍ॅक्सलचा शाफ्ट, आणि शेवटी चाक ज्यावर बसतं तो षटकोनी हेक्स. दुबळी कडी नाहीशी होत नाही, पुढे सरकत जाते. डिफमध्ये शिम म्हणजे पातळ चकत्या घालून त्यातल्या क्राउन आणि पिनियन या दोन गिअरमधली फट नीट करणं हे काम कंटाळवाणं आहे पण यातच निम्मं आयुष्य आहे, आणि मोटरचा पिनियन बसवताना त्याच्या आणि स्परच्या मध्ये कागदाची पट्टी घालून दाबायचं, स्क्रू आवळायचे, पट्टी काढायची, म्हणजे हवी तेवढीच मोकळीक राहते. पिनियनच्या स्क्रूला थ्रेडलॉक म्हणजे स्क्रू ढिला न होऊ देणारा गोंद लावायला विसरू नये.

वेगाचा अंदाज कागदावरच काढता येतो. ४८,८४० फेरे, मोटरपासून चाकापर्यंतचा रेशो २० आणि चाकाचा व्यास १५० मिलिमीटर धरला तर मोकळा वेग ताशी ६९ किलोमीटरच्या आसपास येतो, प्रत्यक्षात यापेक्षा कमी, कारण लोड आल्यावर फेरे आणि बॅटरीचं व्होल्टेज दोन्ही पडतात. याहून जास्त वेग हवा म्हणून मोठा पिनियन घालतात तेव्हा मोटर तापते आणि टायर फुग्यासारखे फुगतात, टायरच्या आतून टेप लावला तर फुगणं आटोक्यात राहतं.

लिपोच्या बाबतीत मात्र हयगय नको. ईएससीमधला लो व्होल्टेज कटऑफ चालू आहे ना ते आधी बघायचं, सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की खराब होतो. चार्जिंग बॅलन्स चार्जरवर आणि समोर बसून, काही दिवस वापरायची नसेल तर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवायचं, फुगलेला पॅक परत लावायचा नाही. ६एस जोडताना ठिणगी उडते ती ईएससीचे कपॅसिटर एकदम भरतात म्हणून, त्यासाठी अँटी-स्पार्क कनेक्टर मिळतात. आणि सिग्नल तुटला तर ट्रक ब्रेकवर यावा असं फेलसेफ लावल्याशिवाय चाकं जमिनीला टेकवूच नयेत, एवढ्या वजनाचा ट्रक माणसाच्या पायावर आला तर हाड मोडू शकतं.

पहिली फेरी छोट्या पिनियनवर आणि पाचच मिनिटं. मग थांबून मोटर, ईएससी आणि बॅटरी तिन्हींचं तापमान घ्यायचं, मोटर साधारण ८० अंश सेल्सिअसच्या पुढे जायला लागली तर आतल्या चुंबकाची ताकद कायमची कमी होऊ शकते, तेव्हा पिनियनचा एक दात कमी करायचा. सगळं थंड राहिलं तर एक दात वाढवायचा, परत पाच मिनिटं.