बोट ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंग : वंगण आणि देखभाल

होडी ओढून नेणाऱ्या ट्रेलरची चाके रस्त्यावर धावतात आणि होडी सोडताना थेट पाण्यात बुडतात. रस्त्यावरच्या दुसऱ्या वाहनांवर अशी वेळ क्वचितच येते. म्हणूनच या चाकांचे बेअरिंग ठरावीक काळाने उघडणे, धुणे, तपासणे आणि त्यात नवे ग्रीस भरणे हे एक स्वतंत्र काम मानले जाते. बेअरिंगला मराठी परिभाषेत धारवा म्हणतात; गॅरेजमध्ये मात्र बेअरिंग हाच शब्द चालतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांत घरच्या गाडीमागे होडी जोडून ती काठावरच्या उतारावरून पाण्यात सोडायची पद्धत रुळली आहे. तिथल्या होडीवाल्यांना या कामाची चांगली ओळख असते.

चाकाच्या मध्यभागी असलेल्या हबमध्ये दोन बेअरिंग बसवलेले असतात. स्पिंडल, म्हणजे हब ज्यावर फिरतो तो आसाच्या टोकाचा दांडा, सरळ असेल तर दोन्ही एकाच मापाचे असतात, निमुळते असेल तर आतले मोठे आणि बाहेरचे लहान. १ १/१६ इंची सरळ स्पिंडलवर एल४४६४९ हा कोन (रोलर बसवलेले आतले कडे) आणि एल४४६१० हा कप (रोलर ज्यावरून फिरतात ते बाहेरचे कडे) ही जोडी सर्रास दिसते. रोलर एका टोकाकडे निमुळते असतात. त्यामुळे होडीचे वजन आणि वळणावर येणारा आडवा रेटा, दोन्ही ते पेलतात. सेंट लुईसमधील घोडागाड्यांचे कारखानदार हेन्री टिमकेन यांना निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचे पेटंट १८९८ साली मिळाले.

बेअरिंग ग्रीस संपल्यामुळेच जाते असा समज आहे. होडीच्या ट्रेलरवर खरा घात पाणी करते. तासभर धावल्यावर हब तापतो आणि त्यातली हवा प्रसरण पावते. तसाच गरम हब गार पाण्यात उतरला की हवा झटकन आकसते आणि आत ओढ निर्माण होते. मागचे ऑइल सील मुख्यतः आतले ग्रीस बाहेर पडू नये म्हणून असते. त्याची कड जराशी झिजली असेल, तर बाहेरचे पाणी तिथूनच आत खेचले जाते. पुढे ट्रेलर महिनोन्महिने अंगणात उभा राहतो. रोलर जिथे कपला टेकलेला असतो तिथे गंजाची बारीक रेघ उमटते. कप पुसून उजेडात धरला तर रोलरच्या अंतरावर अशा रेघा एकीशेजारी एक दिसतात. पुढच्या प्रवासात तिथले पोलाद टवके होऊन सुटते, चाक घरघरू लागते, हब तापतो. तरीही गाडी दामटली तर बेअरिंग जाम होते आणि हबसकट चाक निखळते. खाऱ्या पाण्यात हे सगळे लवकर घडते.

म्हणून पाण्यात उतरण्याआधी हबला हात लावून पाहावा. हाताला गरम लागला तर होडीचे पट्टे सोडणे, सामान चढवणे ही कामे आधी उरकावीत आणि हब निवू द्यावा. समुद्रातून परतल्यावर चाके गोड्या पाण्याने धुवावीत.

एरवी हे काम वर्षातून एकदा किंवा १२,००० मैलांनंतर, म्हणजे सुमारे १९,००० किलोमीटरनंतर करतात. यांपैकी जे आधी येईल ते. खाऱ्या पाण्यात ट्रेलर सारखा उतरत असेल तर वर्षभर थांबू नये.

आधी चाक जॅकवर उचलून वरखाली धरून हलवतात. ते खुळखुळले तर बेअरिंग सैल आहे किंवा झिजले आहे. मग टोपी, स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून घातलेली दुटोकी खीळ), नट आणि वॉशर काढून हब ओढून घेतात. जुने ग्रीस दुधासारखे पांढरट दिसले तर पाणी शिरले हे नक्की. रोलर रॉकेलमध्ये धुऊन कोरडे करतात. हवेच्या झोताने रोलर गरागरा फिरवण्याचा मोह टाळावा, कारण केज, म्हणजे रोलर जागच्या जागी धरणारी जाळी, फुटून रोलर उडू शकतात. रोलरवर निळी झाक, खड्डे किंवा रेघा दिसल्या तर कोन आणि कप जोडीनेच बदलायचे. जुन्या कपात नवा कोन बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

ग्रीस भरण्याचे काम हातानेच उत्तम होते. डाव्या तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत दाबत ओढायची. रोलरांच्या फटींतून वरच्या बाजूने ग्रीसच्या शेवया बाहेर येऊ लागल्या की तेवढा भाग भरला. मग बेअरिंग थोडे फिरवून पुन्हा तेच. नुसते वरून फासलेले ग्रीस रोलरच्या मुळाशी पोहोचत नाही.

त्यानंतर नवे सील ठोकून बसवतात. काढलेले जुने परत वापरू नये. हब फिरवत फिरवत नट सुमारे ५० फूट-पाउंडांपर्यंत (फूट-पाउंड हे पिळाच्या जोराचे माप) आवळतात. मग हब न फिरवता तो सैल करतात, पुन्हा केवळ बोटांनी घट्ट करतात आणि नवी स्प्लिट पिन घालतात. पान्याने आवळूनच सोडून दिलेला नट बेअरिंग जाळतो.

ग्रीस एनएलजीआय २ घट्टपणाचे (एनएलजीआय ही ग्रीसचा घट्टपणा सांगणारी श्रेणी), पाण्याने धुऊन न जाणारे हवे. कॅल्शियम सल्फोनेट ग्रीस इथे विशेष चांगले, कारण ते मुळातच गंजरोधक असते. दोन जातींची ग्रीस मिसळू नयेत. लिथियम आणि चिकणमातीवर आधारलेले ग्रीस एकत्र आले की मिश्रण पातळ होऊन गळू शकते.

हबच्या तोंडावर बसवायच्या स्प्रिंगच्या टोप्याही मिळतात. त्या आतल्या ग्रीसवर सुमारे ३ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाब ठेवतात, त्यामुळे पाणी आत ओढले जात नाही. टोपी उपयोगी खरीच, पण ग्रीस गनने तिच्यात भर घातली म्हणजे देखभाल झाली असे नव्हे. फार दाबून भरले तर मागचे सीलच सुटते, आणि उघडल्याशिवाय आतला गंज कळत नाही.

ब्रिटनमध्ये लहान शिडाच्या होड्यांसाठी वेगळी तोड निघाली. होडी एका हलक्या ट्रॉलीवर असते आणि ती ट्रॉली रस्त्याच्या ट्रेलरवर चढवतात. पाण्यात फक्त ट्रॉली जाते, रस्त्याची चाके कोरडी राहतात. कोकणात लहान होड्या लाकडांवरून ओढून किनाऱ्यावर घेतात, तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

लांबच्या प्रवासात बेअरिंग, सील आणि ग्रीससह तयार करून ठेवलेला एक जादा हब, नट आणि स्प्लिट पिन सोबत ठेवतात. गाडीचा जॅक आणि चाकाचा पाना ट्रेलरला लागतोच असे नाही, ते घरीच लावून पाहावे.