मेल येतो, पण जात नाही: आउटगोइंगच्या बिघाडामागचा इतिहास

मेल पाठवण्याची एसएमटीपी ही पद्धत १९८२ साली ठरली, तेव्हा तिच्यात पासवर्डच नव्हता. सर्व्हरच्या, म्हणजे मेल पोचवणाऱ्या कंप्युटरच्या, पोर्ट २५ वर (पोर्ट म्हणजे आकड्याने ओळखलं जाणारं दार) जायचं, मेल सोपवायचा, निघायचं. आलेला मेल उतरवून घ्यायला मात्र पासवर्ड लागे. पुढच्या बहुतेक कटकटी या फरकातून आल्या.

१५ ऑगस्ट १९९५ ला मुंबईसह चार महानगरांत इंटरनेट सर्वांसाठी खुलं झालं, तेव्हा हा फरक कुणाला टोचला नाही. जोडणी देणारी कंपनी एकच, तीही सरकारी; तिच्याच नंबरवर डायल करायचं आणि तिच्याच सर्व्हरवरून मेल पाठवायचा. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि पंचाईत सुरू झाली. फोर्टातल्या ऑफिसात एका कंपनीची लाइन, मुलुंडला घरी दुसरीची. लॅपटॉप तोच, सेटिंग तेच. मेल उतरायचा, पण पाठवायला गेलं की ‘रिलेइंग डिनाइड’, म्हणजे मेल पुढे पोचवायला नकार. सर्व्हर पासवर्ड विचारत नसे, जोडणी कुणाची आहे एवढंच बघे. स्पॅमवाल्यांनी कुणाचाही मेल पुढे पाठवणारे उघडे सर्व्हर राबवून घेतल्यामुळे ही सक्ती आली होती. त्यावर तोडगा निघाला तो ‘आधी रिसीव्ह, मग सेंड’: मेल उतरवला की सर्व्हर तुम्हाला काही मिनिटं ओळखीचं मानायचा.

डिसेंबर १९९८ मध्ये पाठवणाऱ्यांसाठी वेगळा पोर्ट ५८७ ठरला, मार्च १९९९ मध्ये पासवर्डची सोय झाली. पोर्ट २५ पुढे अनेक जोडण्यांवर बंदच झाला.

खरा गुंता ४६५ चा. सुरुवातीपासूनच एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येऊ नये अशा, जोडणीसाठी हा पोर्ट १९९७ मध्ये नोंदवला गेला आणि थोड्याच काळात नोंद मागे घेतली गेली. एकाच पोर्टवर साधं बोलणं सुरू करून मग ‘स्टार्टटीएलएस’ म्हणत एन्क्रिप्शनकडे वळता येतं, तर दुसरा पोर्ट कशाला, असा युक्तिवाद होता. तो आकडा भलत्याच कामाला देऊनही टाकला. कागदावर हे नीटनेटकं असेल, पण प्रोग्राम आणि सर्व्हर ४६५ सोडायला तयार नव्हते. त्या काळच्या काही लोकप्रिय प्रोग्रामांना ५८७ वर स्टार्टटीएलएस जमतच नसे. शिवाय मधला कुणी ‘स्टार्टटीएलएस’ची सूचना गाळू शकतो, आणि ‘उपलब्ध असल्यास’ असं सेटिंग असलेला प्रोग्राम निमूटपणे उघड्यावर मेल पाठवतो. अखेर जानेवारी २०१८ मध्ये ४६५ ची अधिकृत शिफारस झाली. मधल्या वीस वर्षांत मदतीच्या पानांवर दोन्ही सल्ले साचले, ते अजून तसेच आहेत.

म्हणूनच मेल प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये ४६५ बरोबर स्टार्टटीएलएस निवडलं की प्रोग्राम आणि सर्व्हर दोघंही एकमेकांच्या पहिल्या शब्दाची वाट बघतात आणि मिनिटभराने ‘टाइमआउट’ येतो. ५८७ बरोबर एसएसएल/टीएलएस, म्हणजे सुरुवातीपासूनच एन्क्रिप्शन, निवडलं तर बहुधा लगेच एरर. किती वेळाने फसलं, यावरूनही अंदाज बांधता येतो.

अलीकडे टीएलएस या एन्क्रिप्शनच्या पद्धतीच्या जुन्या आवृत्त्यांना दारं बंद झाली. एका मोठ्या मोफत मेलसेवेने ३० मे २०२२ पासून नेहमीचा पासवर्ड बाहेरच्या प्रोग्रामांना वापरू देणं थांबवलं. टू-स्टेप (दोन टप्प्यांचं लॉगिन) सुरू करून त्या प्रोग्रामपुरता वेगळा, सोळा अक्षरी ॲप पासवर्ड घ्या, नाहीतर ब्राउझरमधून लॉगिन करून परवानगी द्या. यात येणं-जाणं दोन्ही अडतं. तरी तक्रार पुन्हा ‘येतो, जात नाही’ अशीच येते, कारण नवा पासवर्ड इनकमिंगमध्ये टाकला जातो आणि अनेक प्रोग्रामांत वेगळा साठवलेला आउटगोइंगचा पासवर्ड जुनाच राहतो.