शिंदळ माकुडी : मोजक्या कड्यांवरच्या वनस्पतीची पार्श्वभूमी

शिंदळ माकुडी ही रुईच्या कुळातील छोटी, मांसल खोडाची वनस्पती नैसर्गिक अवस्थेत फक्त महाराष्ट्रात आढळते, आणि तीही शिवनेरी, पुरंदर, वज्रगड, महाबळेश्वर, रंधा अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर.

मुंबई इलाख्याच्या वनखात्यातील स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ निकोल डॅलझेल यांनी 1860च्या दशकात तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. तिच्यासाठी नवी प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट, ‘जीनस’) निर्माण करून त्यांनी त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ असे नाव दिले. ज्या गव्हर्नरांच्या कारकिर्दीत मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली गेली, त्यांचे नाव सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या कड्यांवर टिकून राहावे, हा योगायोग गमतीचा आहे.

वेगळी प्रजाती मानण्याचे मोठे कारण होते पाने. तिची जवळची भावंडे, म्हणजे माकडशिंगीसारख्या वनस्पती, जवळजवळ बिनपानांची असून त्यांचे हिरवे खोडच अन्न तयार करते. शिंदळ माकुडीला मात्र पावसाळ्यात चांगली ठसठशीत पाने येतात आणि कोरड्या दिवसांत ती गळून केवळ खोड उरते. पुढे 1958 मध्ये ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ गॉर्डन रॉली यांनी, फुलांची रचना पाहता हा फरक स्वतंत्र प्रजातीला पुरेसा नाही असे मानून तिला माकडशिंगीच्या ‘कॅरालुमा’ प्रजातीत घातले. तेथे ‘इंडिका’ हे नाव आधीच वापरलेले असल्याने ती ‘कॅरालुमा फ्रेराय’ झाली, आणि अलीकडच्या वर्गीकरणात ती ‘बौसेरोसिया फ्रेराय’ आहे. प्रजाती दोनदा बदलली, तरी गव्हर्नरसाहेब काही नावातून गेले नाहीत. जुन्या फ्रेरियाचीच सवय असलेले अभ्यासक आजही ते नाव सोडत नाहीत, आणि पानांचे वेगळेपण डोळ्यांत भरणारे असल्यामुळे त्यांना फारसा दोष देता येत नाही.

पावसाळ्यात व त्यानंतर उमलणारी तिची काळपट तांबडी, पिवळ्या ठिपक्यांची चांदणीसारखी फुले हौशी संग्राहकांना भुरळ घालतात. कड्यावर गुरे सहसा पोहोचत नसली तरी दरड कोसळल्यास एखाद्या ठिकाणची सगळी झाडे नाहीशी होऊ शकतात. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1980च्या दशकात जगातील सर्वाधिक संकटग्रस्त बारा वनस्पतींमध्ये तिची गणना केल्यावर तिच्याकडे व्यापक लक्ष गेले. खोडाच्या तुकड्यापासून ती सहज रुजते, त्यामुळे कुंडीत ती वाढवणे अवघड नाही. प्रश्न कड्यावरच्या तिच्या मूळ जागांचा आहे.