जमशेदजी टाटांचे जुने कागद पाहायचेत? अर्ज कुठे करायचा, सोबत काय जोडायचं

"जमशेदजी टाटांवर काम करतोय. पुण्यात टाटांचं अर्काइव्ह आहे ना, तिथे सगळं मिळेल ना?" हा प्रश्न मला वरचेवर येतो. सगळं नाही मिळत. नवसारीत १८३९ साली जन्मलेला हा माणूस १९०४ मध्ये जर्मनीत वारला आणि इंग्लंडात ब्रुकवुडला त्याचं दफन झालं. गिरणी नागपुरात, हॉटेल मुंबईत, विज्ञानसंस्था बंगळुरात, पोलादाचा कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला. कागदही तसेच चहूकडे पांगले.

तेव्हा अर्जाच्या आधी एकच गोष्ट ठरवा: जो कागद हवा आहे तो मुळात कुणाच्या हाती होता? सरकारच्या हाती असेल तर कायद्याने ठरवून दिलेली वाट आहे. घराच्या किंवा कंपनीच्या हाती असेल तर सगळा परवानगीचा मामला, तिथे हक्काची भाषा चालत नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून खासगी अभिलेखागाराकडून पत्रं काढता येत नाहीत, त्यात टपालखर्च घालवू नका.

सरकारी दफ्तर: कोणता कागद कुठे

मुंबई सरकारचं दफ्तर सांभाळणारं कार्यालय १८२१ साली सुरू झालं. ते महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाकडे, काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. कुर्ल्याची स्वदेशी मिल (१८८६), मुंबईतल्या जमिनी, नगरपालिकेशी झालेला पत्रव्यवहार हे सगळं इथे शोधायचं.

नागपूरच्या एम्प्रेस मिलसाठी मात्र लोक हमखास चुकतात. गिरणी सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्या दिवशी, नाव त्यावरूनच. पण नागपूर तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतं, मध्य प्रांतात होतं. म्हणून आधी संचालनालयाच्या नागपूर कार्यालयाकडे चौकशी करायची. शिवाय कंपनीचं नोंदलेलं नाव 'सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी'. सूचीत 'एम्प्रेस' सापडलं नाही तर 'सेंट्रल इंडिया'खाली बघा, आणि 'टाटा' शब्द कुठेच दिसला नाही तर घाबरू नका.

बंगळूरच्या विज्ञानसंस्थेचा सरकारी पत्रव्यवहार दिल्लीला, राष्ट्रीय अभिलेखागारात, गृहखात्याच्या शिक्षण शाखेच्या कागदांत बघायचा. योजना घेऊन शिष्टमंडळ ३१ डिसेंबर १८९८ ला नवा व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनला भेटलं, म्हणजे तो हिंदुस्थानात पोचल्यावर लगेच. पुढे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झेचा अहवाल, मग मॅसन आणि क्लिबर्न यांची समिती, खर्चावरून घासाघीस, आणि संस्था उभी राहिली थेट १९०९ मध्ये. जमशेदजी जाऊन तोवर पाच वर्षं झाली होती. त्यांच्यावर एकच विषय घेऊन काम करायचं असेल तर मी हा सुचवेन. दिल्लीला जाण्याआधी अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या पोर्टलवर फुकट खातं उघडून शोधा. बऱ्याच फायली घरबसल्या दिसतात, नाही दिसल्या तरी संदर्भ क्रमांक हाती लागतो.

कोण अर्ज करू शकतं

केंद्राच्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ मध्ये शब्द आहेत 'बोनाफाईड संशोधक'. गोपनीय न ठरवलेले, ३० वर्षांहून जुने आणि राष्ट्रीय अभिलेखागारात जमा झालेले कागद अशा संशोधकाला, ठरलेल्या अपवाद-निर्बंधांसह, दाखवता येतात. ही ३० वर्षं फाईल उघडली त्या सालापासून धरतात. एकोणिसाव्या शतकातल्या कागदांना ही अट केव्हाच पूर्ण झालेली आहे. महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा २००५ चा आहे.

वंशज असण्याची अट कुठेही नाही. पीएचडी हवीच असंही नाही, पण विद्यापीठाबाहेरच्या माणसाला आपण खरेच अभ्यासक आहोत हे जरा जास्त दाखवावं लागतं. गावच्या वाचनालयाचं, इतिहास मंडळाचं किंवा ज्या मासिकासाठी लिहिताय त्याच्या संपादकाचं पत्र जवळ ठेवा आणि ते चालेल का हे आधी फोनवर विचारून घ्या. परदेशी पासपोर्ट असलेल्या मंडळींना, मग ती पुण्यातच जन्मलेली का असेनात, आपल्या संस्थेच्या पत्राबरोबर आपल्या दूतावासाचंही पत्र लागतं. हे पत्र मिळायला वेळ लागतो. विमानाचं तिकीट त्यानंतर काढा.

सोबत काय न्यायचं

विहित नमुन्यातला अर्ज, ओळखपत्राची मूळ प्रत आणि झेरॉक्स, पासपोर्ट आकाराचे फोटो, मार्गदर्शकाचं किंवा संस्थेचं शिफारसपत्र. पत्र लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, ज्या कार्यालयात जाताय त्याच्या नावाने. 'ज्याच्याशी संबंध असेल त्यास' छापाचं पत्र परत येऊ शकतं. लॅपटॉप किंवा मोबाईलचा कॅमेरा वापरायचा असेल तर त्याची परवानगी वेगळी विचारा. आणि पेन्सिल न्या. जुन्या कागदाशेजारी शाईचं पेन कुणी काढू देत नाही, देऊही नये.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना 'संशोधनाचा विषय'. एका कार्यालयात मी पहिल्यांदा तिथे नुसतं 'टाटा घराणे' लिहिलं होतं. समोरच्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "घराणं आमच्याकडे नाही हो, खाती आहेत. कुठलं खातं, कुठलं साल?" दिवस फुकट गेला, पण धडा मिळाला. आता मी असं लिहितो:

*"विषय: जमशेदजी नसरवानजी टाटा यांचा मुंबईतील गिरणी व्यवसाय आणि मुंबई सरकार, १८८६ ते १९०४. पाहावयाचे अभिलेख: जनरल व महसूल विभाग, सदर कालावधीतील सूची व त्यावरून मागवावयाचे खंड."*

मुंबईच्या दफ्तरात मागणीची स्लिप भरताना विभाग, साल, खंड क्रमांक आणि त्यातला कंपायलेशन (खंडात बांधलेली एका विषयाची फाईल) क्रमांक असं चौघांचं लचांड असतं. ते वार्षिक सूचीतून उतरवून घ्यायचं. सूची इंग्रजीत, आणि पारशी नावांची स्पेलिंगं कारकुनागणिक वेगळी: जमसेटजी, जमसेतजी, जमशेदजी, शेवटी कधी 'आय' तर कधी दोन 'ई'. तिन्ही-चारी तऱ्हांनी शोधा. एवढं करून शिपाईदादा स्लिप परत आणतात आणि तिच्यावर लिहिलेलं असतं 'ब्रिटल'. म्हणजे कागद हात लावताच तुटतोय, देता येणार नाही. यावर वाद घालून काही होत नाही. मायक्रोफिल्म किंवा स्कॅन आहे का एवढं विचारायचं आणि पुढची स्लिप भरायची. एका दिवशी हाती पडणारे खंड मोजकेच असतात, म्हणून मुक्काम दोन दिवसांचा न धरता आठवड्याचा धरा.

टाटांचं स्वतःचं अभिलेखागार

टाटा सेंट्रल अर्काइव्हज १९९१ मध्ये सुरू झालं. ते पुण्यात मंगळदास रस्त्यावर, टाटा मॅनेजमेंट ट्रेनिंग सेंटरच्या आवारात आहे. पत्रं, छायाचित्रं, कंपन्यांचे कागद इथे आहेत. फाटकावर जाऊन उभं राहू नका, आधी लेखी विनंती करून वेळ ठरवावी लागते. विनंतीत विषय, संस्था, काय छापायचा विचार आहे आणि नेमके कोणते कागद हवेत हे लिहा. खासगी संग्रह असल्याने काय दाखवायचं आणि काय नाही हे तेच ठरवतात. छायाचित्र पुस्तकात वापरायचं असेल तर त्याची परवानगी निराळी घ्यायची आणि श्रेय कसं द्यायचं हे लेखी घ्यायचं.

मुलांचे कागद आणखी दूर गेलेत. थोरले दोराबजी (१८५९–१९३२), धाकटे रतनजी (१८७१–१९१८). रतनजींनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गरिबीच्या अभ्यासासाठी देणगी दिली होती, तिचे धागे त्या संस्थेच्या दफ्तरात शोधावे लागतात. दोघा भावांच्या कलासंग्रहासाठी मुंबईतलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठायचं. मृत्युपत्रांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचा मृत्युपत्र विभाग आहे. प्रोबेट झालेलं, म्हणजे न्यायालयाने खरं म्हणून मान्य केलेलं मृत्युपत्र न्यायालयाच्या दफ्तरी राहतं. मृताचं पूर्ण नाव आणि मृत्यूचं साल देऊन शोधाचा अर्ज करायचा. आपण त्या प्रकरणात पक्षकार नसतो, म्हणून नक्कल कशासाठी हवी हे स्पष्ट लिहायचं. हे काम वकिलाच्या कारकुनाकरवी करणं सोपं. मी एकदा स्वतः करून पाहिलं, पुन्हा करणार नाही.

नकला आणि छापण्याचा हक्क

नकलांचा दर पानागणिक असतो आणि बदलतो, तो काउंटरवरच विचारा. छापण्याचा प्रश्न मात्र नीट समजून घ्या. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी सगळं मोकळं होतं असं आपण धरून चालतो. ते त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या मजकुराला लागू आहे. कधीच न छापलेलं पत्र आज पहिल्यांदा छापलं तर हक्काची ६० वर्षं या प्रकाशनानंतर सुरू होतात. त्यावर कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात एक सवलत आहे: जनतेला खुल्या असलेल्या ग्रंथालयात, संग्रहालयात किंवा संस्थेत ठेवलेलं अप्रकाशित लेखन, लेखकाच्या मृत्यूला ६० वर्षं उलटली असतील तर, अभ्यासासाठी किंवा छापण्याच्या हेतूने उतरवून घेता येतं. वडील १९०४, धाकटे १९१८, थोरले १९३२. तिघांचीही मुदत उलटून गेली आहे. अडचण उरते 'जनतेला खुल्या' या शब्दांची. सरकारी दफ्तराबद्दल शंका नाही, पण खासगी अभिलेखागारातल्या पत्रासाठी मी कायद्यावर विसंबत नाही, लेखी परवानगीच घेतो. आणि पत्राला आलेल्या उत्तराचा हक्क उत्तर लिहिणाऱ्याचा, पत्र लिहिणाऱ्याचा नव्हे, हे विसरू नका. २३ नोव्हेंबर १८९८ ला जमशेदजींनी विवेकानंदांना लिहिलं, जपानहून शिकागोच्या वाटेवरच्या प्रवासात बरोबर होतो याची आठवण देऊन. ते पत्र जमशेदजींचं. त्याला कुणी काही उत्तर लिहिलं असेल तर त्याची ६० वर्षं उत्तर लिहिणाऱ्याच्या मृत्यूपासून मोजायची.