उचल (ऊसतोडणी)

उचल म्हणजे ऊसतोडणीच्या हंगामापूर्वी मुकादमाने, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराने, मजुराला दिलेली आगाऊ रक्कम. पावसाळ्यात, घरात पैसा नसताना, ती हाती पडते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढे पाच-सहा महिने ऊस तोडून फेडली जाते. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या जिल्ह्यांतील कोरडवाहू गावांतून पश्चिम महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकाकडे जाणाऱ्या मजुरांचे सारे स्थलांतर याच व्यवहारावर उभे आहे. उचल साधारणपणे एका ‘कोयत्या’च्या हिशेबाने ठरते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा मजूर ‘अर्धा कोयता’ धरला जातो. जोडीची उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते, फेडताना मात्र तोडणे, मोळी बांधणे आणि ती डोक्यावरून वाहनापर्यंत नेणे यांत बाईचा वाटा कमी नसतो.

हा पैसा मुळात मुकादमाचा नसतो. पुष्कळ ठिकाणी कारखाना ऊस वाहतूकदाराशी करार करतो, कारखान्याच्या हमीवर वाहतूकदाराला बँकेचे कर्ज मिळते, त्यातून तो मुकादमाला रक्कम देतो आणि मुकादम ती टोळीत वाटतो. बुडीत रकमेचा धोका प्रत्येक पायरीवर खालच्याच्या गळ्यात टाकलेला असतो. टोळी आलीच नाही तर वाहतूकदाराचे कर्ज थकते. मुकादम पैसे घेऊन पसार झाल्याच्या फिर्यादी दर हंगामात होतात, त्यामुळे मुकादमाला केवळ खलनायक ठरवणे सोपे असले तरी पुरेसे नाही. मजुराच्या खाली मात्र कोणी नसतो.

पाऊस पडून उसाचा फड (तोडणीचे शेत) चिखलला, यंत्रातील बिघाडाने गाळप थांबले किंवा मजूर आजारी पडला, तर मजुरी टनावर असल्याने ती बुडते, उचल मात्र तशीच राहते. गैरहजेरीच्या दिवसाला ‘खाडा’ म्हणतात, आणि मजुरी बुडून वर खाड्याचा दंडही कापला जातो. फडात भागते ते बऱ्याचदा वाढे विकून. उसाच्या शेंड्याचा हा हिरवा चारा गुरांसाठी विकला, की मीठ-मिरचीपुरती रोकड मिळते. हंगामाअखेर उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या सालाला ओढली जाते आणि त्याच मुकादमाकडे पुन्हा जाणे भाग पडते. मागचे वही-हिशेब सहसा मुकादमाकडेच असतात.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण २०१९ मध्ये चर्चेत आले, तेव्हा राज्य शासनाने आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, हे त्या चर्चेत वारंवार पुढे आले.

आगाऊ रकमेच्या बदल्यात दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य गमावणे ही वेठबिगार पद्धत (निर्मूलन) अधिनियम, १९७६ नुसार वेठबिगारीच ठरू शकते. तरीही उचल राजरोस चालते, कारण करार कारखाना व मजूर यांच्यात थेट होत नाही आणि आपण मालक नसल्याचे सांगण्याची सोय कारखान्याला राहते. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ (सहकारी साखर कारखान्यांचा महासंघ) व कामगार संघटना यांच्यात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा समझोता झाला. या वाटाघाटी टनाचा दर आणि मुकादमाचे कमिशन यांवर होतात. उचलीची रक्कम, तिचा हिशेब आणि खाड्याचा दंड गावातच, तोंडी किंवा मुद्रांक कागदावर ठरतात.